रेघ हिरवी होते तेव्हा

फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरच्या स्केचमध्ये एक साधी रेघ ओढली की तिच्याकडे हलण्याच्या 4 मुभा असतात. टोके दोन, आणि प्रत्येक टोक आडवे किंवा उभे सरकू शकते. अशा चार सुट्या रेघा मांडल्या की मुभा झाल्या 16. टोकाला टोक जोडून कोपरे केले की प्रत्येक कोपऱ्यात 2 जातात, उरतात 8. दोन रेघा आडव्या, दोन उभ्या असे सांगितले की 4 राहतात: लांबी, रुंदी आणि जागेच्या दोन. समोरासमोरचे दोन कोपरे आरंभबिंदूशी सममित केले की आयत जागेवर पक्का बसतो. मग 80 आणि 50 ही दोन मापे लिहायची. मुभा शून्य होतात आणि मूळ रंगसंगतीत आतापर्यंत पांढऱ्या दिसणाऱ्या रेघा एकदम हिरव्या होतात.

आयताचे तयार साधन वापरले तर कोपरे जोडण्याची आणि आडव्या-उभ्याची बंधने फ्रीकॅड आपणहून लावते. तरीही नवशिक्याने एकदा तरी सुट्या रेघांपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. कॅड शिकवताना लाइन, सर्कल, आर्क, ट्रिम अशी साधनांची ओळख भराभर करून दिली जाते. बटणे काय, आठवड्यात सापडतात. कोणती रेघ कोणाच्या आधाराने उभी आहे हे सांगता येणे, हे खरे कसब. रेघ ओढताना हात थरथरला तरी काही बिघडत नाही, कारण अचूकपणा नंतर लावलेल्या बंधनांतून येतो.

ही कल्पना संगणकावरच्या चित्रकामाच्या अगदी आरंभापासूनची आहे. इव्हान सदरलँड यांनी एमआयटीत पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ तयार केले. 1963 च्या त्या प्रबंधाचे मार्गदर्शक होते क्लॉड शॅनन. लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-2 या संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनने ओबडधोबड आकृती काढायची आणि या दोन रेघा समांतर, या दोन सारख्या लांबीच्या, असे सांगायचे. आकृती स्वतःला तसे जुळवून घेई. पुढे 1982 मध्ये ऑटोकॅड आले आणि ड्रॉइंग ऑफिसातले ड्राफ्टर, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर हळूहळू मागे पडले. मात्र ऑटोकॅडच्या रेघांना फक्त जागा माहीत होती, नाती माहीत नव्हती. एक माप बदलले की शेजारच्या रेघा हाताने सरकवाव्या लागत. ऑटोकॅडमध्ये अशी बंधने आली ती थेट 2010 च्या आवृत्तीत. त्याआधीच, 1980 च्या दशकाच्या अखेरीस, सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या पीटीसी कंपनीच्या प्रो/इंजिनिअरने स्केच, माप आणि घनाकृती एका साखळीत गुंफून दाखवली होती. आजची बहुतेक यांत्रिक कॅड सॉफ्टवेअर त्याच वाटेने चालतात.

फ्रीकॅडही त्याच वाटेवरचे, पण मोफत आणि खुल्या स्रोताचे. युर्गन रिगेल यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाची पहिली आवृत्ती 2002 मध्ये आली. घनाकृतींची भूमिती तो ओपन कॅस्केड या खुल्या गाभ्यावर सोपवतो. आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलाला घरच्या संगणकावर परवान्याची चिंता न करता घनाकृती घडवता येते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पुन्हा आपल्या आयताकडे. ‘पॅड’ने त्याला 8 मिलिमीटर जाडी दिली की प्लेट तयार. तिच्या मध्यात 20 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून ‘पॉकेट’ केले की आरपार भोक. वर्तुळाच्या मुभा 3: केंद्राच्या दोन, त्रिज्येची एक. केंद्र आरंभबिंदूवर ठेवा, व्यास लिहा, काम संपले. आता 80 च्या जागी 120 लिहा. प्लेट लांबते आणि भोक मध्यातच राहते, कारण ते मध्यात असावे हे आपण आधीच सांगून ठेवले आहे. काठापासून 40 असे माप देऊन ते भोक बसवले असते, तर लांबलेल्या प्लेटमध्ये ते एका बाजूला पडले असते. दोन्ही स्केच पहिल्या दिवशी अगदी सारखीच दिसतात. फरक उघड होतो तो गिऱ्हाइकाने माप बदलल्यावर.

शाफ्ट किंवा पुलीसाठी अर्धा छेद काढून तो अक्षाभोवती फिरवणारे ‘रिव्हॉल्व्ह’ आहे, वळणाऱ्या पाइपसाठी ‘स्वीप’, आकार बदलत जाणाऱ्या नरसाळ्यासाठी ‘लॉफ्ट’. या सगळ्यांच्या मुळाशी स्केच असतेच. पॅड करताना छेदरेषा कुठे उघडी राहिली असेल तर घनाकृती बनत नाही. एकच माप दोनदा दिले तर फ्रीकॅड जादा बंधनाची सूचना देते. अशा वेळी दिसेल ते बंधन पुसून टाकू नये. त्यातले कोणते माप कारखान्यात खरोखर तपासले जाणार आहे ते पाहावे, आणि तेच ठेवावे.

फ्रीकॅडचे जुने दुखणे याहून खोल होते. घनाकृतीच्या पृष्ठांना आणि कडांना ते अनुक्रमांक देई. मागे जाऊन स्केचमध्ये एखादी रेघ वाढवली की क्रमांक बदलत, आणि सहाव्या पृष्ठावर बसवलेले स्केच भलत्याच पृष्ठावर जाऊन बसे. वापरणारे लोक वर्षानुवर्षे हे सोसत होते. नोव्हेंबर 2024 मध्ये 1.0 आवृत्ती आली तेव्हा यावर बराच इलाज झाला. प्रकल्पाने ‘1.0’ हा आकडा लावायला वीस वर्षांहून अधिक काळ घेतला, आणि या दुखण्यावरचा इलाज हे त्या आवृत्तीचे एक ठळक काम होते. तरी जुनी शिस्त सोडू नये. शक्य तिथे स्केच मूळ प्रतलांवर बसवावे, कारण ती कधी बदलत नाहीत. कडा गोल करणारे ‘फिलेट’ सर्वांत शेवटी करावे: ते एका कडेच्या जागी नवे पृष्ठ आणि नव्या कडा निर्माण करते, आणि त्यांच्यावर पुढचे काही उभारले तर नंतर त्रिज्या बदलताना सारेच डगमगते.