स्वहस्ते घडविलेला बिनतारी कळफलक

संगणकाशी आपला जो व्यवहार चालतो, त्याचा बराचसा भाग कळफलकाच्या द्वारे चालतो. लेखनिक, मुद्रितशोधक, भाषांतरकार, आज्ञावली लिहिणारे तंत्रज्ञ यांची बोटे दिवसातून हजारो वेळा त्याच त्या कळा दाबीत असतात. असे असूनही कळफलकाच्या अंतरंगात काय घडते, याची जिज्ञासा फार थोड्यांना असते. कळांची मांडणी तर आपण निसर्गनियमासारखी गृहीत धरतो. वास्तविक ती मांडणी क्रिस्टोफर लॅथम शोल्स व त्याचे सहकारी यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे तयार केलेल्या आणि १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलेल्या टंकलेखन यंत्रापासून वारशाने आलेली आहे. त्या यंत्रात प्रत्येक कळेमागे एक दांडी असे. या दांड्यांना शेजारून जाण्यास जागा मिळावी म्हणून कळांच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकवून बसवाव्या लागत. दांड्या केव्हाच नाहीशा झाल्या; सरकलेल्या ओळी मात्र अजून चालू आहेत.

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्या व्यक्तीला आज आपल्या हाताच्या मापाचा, आपल्या भाषेला सोयीचा आणि बिनतारी कळफलक घरच्या घरी तयार करता येतो. त्यासाठी लागणारे भाग सुटे मिळतात व आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र या कामात तीन गोष्टींची काटकसर साधावी लागते : तारांची, विजेची आणि बोटांच्या हालचालींची. या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

कळ आणि तिची जाळी

स्वस्त कळफलकात सर्व कळांखाली मिळून रबराचा एकच पडदा असतो. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच बसविलेला असतो. जर्मनीतील चेरी कंपनीने १९८०च्या दशकात प्रचारात आणलेला एमएक्स जातीचा स्विच आज नमुना मानला जातो. तो सुमारे ४ मिलिमीटर खाली जातो. परंतु त्याचे संपर्क सुमारे २ मिलिमीटरवरच जुळतात. त्यामुळे कळ तळाला आपटण्यापूर्वीच अक्षर उमटते. हलक्या हाताने टंकन करणाऱ्याची बोटे त्यामुळे कमी थकतात.

आता समजा, आपल्याला साठ कळा हव्या आहेत. प्रत्येक कळेची स्वतंत्र तार प्रोसेसरपर्यंत नेली, तर साठ टोके लागतील. तयार मिळणाऱ्या छोट्या प्रोसेसर-पाट्यांवर अशी टोके अवघी अठरा-वीस असतात. म्हणून कळांची जाळी करतात. पाच आडव्या ओळी आणि बारा उभे स्तंभ घेतले, तर साठ छेदनबिंदू मिळतात आणि सतरा तारांत काम भागते. नाट्यगृहातील प्रत्येक खुर्ची जशी रांग व क्रमांक यांवरून ओळखता येते, तशीच प्रत्येक कळ तिच्या ओळीवरून व स्तंभावरून ओळखली जाते. प्रोसेसर एकेका स्तंभाला क्षणभर विद्युत्दाब देतो आणि तो कोणत्या ओळीवर उमटला हे पाहतो. ही फेरी सेकंदातून शेकडो वेळा होते.

या युक्तीत एक दोष संभवतो. आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्या, तर प्रवाह त्यांतून वळसा घेऊन चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो आणि न दाबलेली चौथी कळ दाबल्याचा भास होतो. हा दोष टाळण्यासाठी प्रत्येक स्विचबरोबर एक डायोड जोडतात. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे उलट वाट बंद होते. १एन४१४८ हा सर्वत्र मिळणारा डायोड या कामी पुरेसा असतो. सर्व डायोडांच्या पट्ट्या एकाच दिशेला असल्या पाहिजेत. एखादा उलटा बसला की नेमकी तेवढीच कळ मुकी राहते.

दुसरी अडचण स्विचच्या धातूची आहे. दोन पत्रे एकमेकांना भिडताना काही मिलिसेकंद थरथरतात. प्रोसेसरला ही थरथर म्हणजे अनेक वेळा दाबलेली कळ वाटते. म्हणून पहिल्या स्पर्शानंतर सुमारे ५ मिलिसेकंद थांबून मगच निर्णय घ्यावा, असे आज्ञावलीत नमूद केलेले असते.

विजेची काटकसर

तारेने जोडलेल्या कळफलकाला वीज संगणकाकडून मिळते, त्यामुळे तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. बिनतारी कळफलकाचे सारे नियोजन मात्र या हिशेबावर उभे असते. अशा कामासाठी नॉर्वेतील नॉर्डिक सेमिकंडक्टर या कंपनीची एनआरएफ ५२८४० ही चिप पुष्कळ वापरली जाते. प्रोसेसर आणि रेडिओ दोन्ही तिच्यात सामावलेले आहेत. संदेश पाठविताना तिला काही मिलिअँपिअर प्रवाह लागतो. गाढ निद्रावस्थेत तो एका मायक्रोअँपिअरच्याही खाली जातो. म्हणजे जागेपण व निद्रा यांतील खर्चात हजारो पटींचे अंतर आहे. साहजिकच, प्रोसेसरला शक्य तितका काळ झोपवून ठेवणे हे कुशल रचनेचे लक्षण होय.

पण झोपलेल्या प्रोसेसरला कळ दाबल्याचे कळावे कसे? निद्रेपूर्वी तो सर्व स्तंभांना एकदम विद्युत्दाब देऊन ठेवतो. एकही कळ दाबलेली नसताना परिपथ अपुरा असतो, त्यामुळे त्यात प्रवाह वाहत नाही. कोणतीही कळ दाबली की ओळीवर दाब प्रकट होतो, त्याने प्रोसेसर जागा होतो आणि मग नेहमीची फेरी सुरू करून ती कळ कोणती याचा शोध घेतो.

उदाहरणादाखल एक हिशेब करून पाहू. बॅटरी ५०० मिलिअँपिअर-तासांची आहे आणि तिचा चार-पंचमांश भाग, म्हणजे ४००, वापरण्याजोगा आहे असे धरू. कामाच्या आठ तासांत सरासरी अर्धा मिलिअँपिअर प्रवाह लागला, तर रोजचा खर्च ४ होतो. उरलेल्या सोळा तासांत ०.०२ मिलिअँपिअर दराने सुमारे ०.३ खर्च होतो. या हिशेबाने बॅटरी तीन महिने पुरेल. आता प्रत्येक कळेखाली एकेक रंगीत दिवा बसवा. असे दिवे विझलेले असतानाही त्यांच्यातील सूक्ष्म परिपथ जागा असतो. प्रत्येकी अर्धा मिलिअँपिअर धरला, तरी साठ दिव्यांना ३० मिलिअँपिअर लागतात. तीन महिने पुरणारी बॅटरी मग तेरा तासांत संपते, आणि तीही अंधारात! दिवे हवेच असतील, तर त्यांचा पुरवठा पूर्णपणे तोडणारा स्वतंत्र स्विच ठेवणे आवश्यक आहे.

बिनतारी संदेश आणि गुप्तता

कमी शक्तीवर चालणारी ब्लूटूथ पद्धती २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीबरोबर आली. ती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५च्या नियमांनी परवान्यातून सूट दिलेली आहे. या पट्ट्याचे चाळीस मार्ग पाडलेले असून, जोडणी झाल्यावर उपकरणे मार्ग सतत बदलीत राहतात. संगणक व कळफलक एकमेकांना ठराविक वेळी भेटावयाचे ठरवितात. हे अंतर कमीत कमी ७.५ मिलिसेकंद असते. सांगण्यासारखे काही नसेल, तर काही भेटी चुकविण्याची मुभा कळफलकाला असते. विजेची मोठी बचत येथेच होते.

या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. तिच्या मार्गात धातू आल्यास संदेश क्षीण होतो. म्हणून अँटेना पाटीच्या कडेला ठेवावी, तिच्याखाली तांब्याचा थर अथवा बॅटरी येऊ देऊ नये आणि कळफलकाची पेटी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची करावी.

कळफलकावरून आपण गुप्त संकेतशब्दही टंकित करतो, ही गोष्ट विसरता कामा नये. ब्लूटूथ न वापरणारे काही स्वस्त बिनतारी कळफलक प्रत्येक कळेची वार्ता उघडपणे प्रसारित करतात, असे २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिले होते. ब्लूटूथमध्ये संदेश सांकेतिक रूपात पाठविण्याची सोय आहे. प्रथम जोडणी करताना पडद्यावर दिसणारी सहा अंकी संख्या कळफलकावरून टंकित करण्याची पद्धत अधिक सुरक्षित असल्यामुळे तिचाच स्वीकार करावा.

अक्षरे कोठे ठेवावीत?

कळफलक अक्षरे पाठवीतच नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. तो केवळ कळेचा क्रमांक पाठवितो. रोमन के ही खूण असलेल्या कळेचा क्रमांक १४ आहे. त्या क्रमांकाचा अर्थ काय लावावयाचा, हे संगणक ठरवितो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आखलेली इनस्क्रिप्ट मांडणी निवडली असेल, तर त्याच क्रमांकावर मराठीत ‘क’ उमटतो आणि बंगाली वा तमिळमध्ये त्या त्या लिपीतील ‘क’ उमटतो. म्हणून स्वतः बनविलेला एकच कळफलक भारतातील अनेक भाषांना चालू शकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशात छत्तीस कळांचे सुटसुटीत आराखडे लोकप्रिय आहेत. त्यांत इंग्रजीची सव्वीस अक्षरे बसतात. इनस्क्रिप्टमध्ये मात्र ‘ड’ व ‘ट’ ही अक्षरे उजवीकडच्या विरामचिन्हांच्या कळांवर आहेत, आणि नेमक्या त्याच कळा या आराखड्यांत गाळलेल्या असतात. आपल्या बारा स्तंभांच्या जाळीत ही अडचण येत नाही. दुसरी ओळ ‘ज’, ‘ड’ यांवर, तिसरी ‘च’, ‘ट’ यांवर संपते. ‘ृ’ आणि ‘ॉ’ ही चिन्हे तळच्या ओळीत ठेवता येतात.

बोटांची काटकसर शिफ्टच्या कळेत दडलेली आहे. इनस्क्रिप्टमध्ये ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’ मिळतो, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. याशिवाय मराठीत वारंवार येणारी ‘ळ’, ‘श’, ‘ण’ ही अक्षरेही शिफ्टनेच मिळतात. रूढ कळफलकात हे ओझे करंगळीवर, म्हणजे हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटावर पडते. आणि दोन्ही अंगठ्यांना मिळून एका लांब कळेपलीकडे काही काम नसते. तळच्या ओळीत एका अंगठ्याखाली मोकळी जागा आणि दुसऱ्याखाली शिफ्ट ठेवल्यास करंगळीची सुटका होते. दिवसभर मराठी टंकन करणाऱ्यास एवढ्या एका बदलासाठीही हा खटाटोप करणे योग्य वाटेल.

बांधणीचा क्रम

प्रथम आराखडा कागदावर खऱ्या मापात काढावा. दोन कळांच्या मध्यबिंदूंत १९.०५ मिलिमीटर अंतर ठेवतात आणि स्विच बसविण्याच्या पट्टीत १४ मिलिमीटरची चौरस भोके पाडतात. कागदावर बोटे ठेवून दोन-चार दिवस सराव करावा व गैरसोयीच्या जागा बदलाव्यात. नंतर परिपथाची पाटी आखावी. त्यासाठी फ्रान्समध्ये जाँ-पिएर शारा यांनी १९९२ साली सुरू केलेली कायकॅड ही आज्ञावली विनामूल्य मिळते. पाटी करून घ्यावयाची नसेल, तर स्विचचे पाय तारांनी जोडून हातानेही डाख देता येतो.

डाख दिल्यावर प्रत्येक डायोड मल्टिमीटरने तपासावा. त्यानंतर झेडएमकेसारखी मुक्त आज्ञावली चिपमध्ये भरावी आणि प्रथम तारेने जोडून साठही कळा दाबून पाहाव्यात. सर्व कळा बोलू लागल्यानंतरच बॅटरी जोडावी. लिथियम-पॉलिमर बॅटरी ४.२ व्होल्टच्या वर चढू देऊ नये व ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. संरक्षक परिपथ असलेलीच बॅटरी घ्यावी. जोडणीच्या टोकांचे धन व ऋण सर्व उत्पादकांत एकाच बाजूला नसतात, म्हणून तेही मोजून पाहावेत. बॅटरीजवळ स्क्रूचे अणकुचीदार टोक येऊ देऊ नये, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही वापरू नये. एवढी दक्षता घेतल्यास नवशिक्यालाही हे काम झेपण्यासारखे आहे. शिवाय पुढे एखादी कळ बिघडली, तर दोष नेमका कोठे शोधावयाचा हे तो कळफलक घडविणाऱ्याला ठाऊक असते.