चोपण जमीन आणि मूलद्रव्यांची भावकी



पुष्कळ बागायतदार विचारतात, “आमच्या जमिनीत चुनखडी भरपूर. चुनखडीतही कॅल्शियम आणि जिप्सममध्येही कॅल्शियमच. मग चोपण जमिनीला पैसे मोडून जिप्सम का घालायचं?” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं रसायनशास्त्र समजून घेऊ.

रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्यांचा एक तक्ता मांडला. त्याला आवर्तसारणी म्हणतात. त्यातील एका उभ्या रांगेतली मूलद्रव्ये म्हणजे एका भावकीतली माणसं. चेहरे वेगळे, पण वळण एक. कारण त्यांच्या अणूंच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉनांची संख्या सहसा सारखी असते.

पहिल्या रांगेत सोडियम आणि त्याच्या खाली पोटॅशियम, म्हणजे आपलं पालाश. दोघांचाही एक इलेक्ट्रॉन सुटतो व एक धनभार येतो. शेजारच्या रांगेत मॅग्नेशियम आणि त्याखाली कॅल्शियम. त्यांचे दोन इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून भारही दोन.

आता शेतात या. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो. कॅल्शियम त्यांना जणू दोन हातांनी धरतो. कण एकत्र येतात, माती रवाळ राहते. सोडियमचा हात एकच, पकड सैल. तो वाढला की कण सुटे होतात, मातीतली छिद्रं बुजतात. पाणी वर साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं होतं. हीच चोपण जमीन. तिचा सामू बहुधा ८.५ च्या वर असतो.

जिप्सम घातलं की त्यातला कॅल्शियम पाण्यात विरघळतो, सोडियमला हुसकावतो आणि त्याची जागा घेतो. चुनखडीतला कॅल्शियम मात्र एवढ्या सामूला जवळजवळ विरघळतच नाही. कणगीत धान्य आहे, पण कणगीला कुलूप! गंधक घातल्यास जमिनीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते कुलूप हळूहळू उघडतं. म्हणून चुनखडीच्या चोपण जमिनीत गंधकही चालतं.

पण एक गोष्ट विसरू नका. सुटलेला सोडियम शेताबाहेर गेला पाहिजे. एका शिवारात मी पाहिलं, जिप्समवर खर्च झाला, पण चर काढलेच नव्हते. पाण्याला वाट नाही, सोडियम तिथंच. दोष जिप्समचा नव्हे.

आणखी एक. सोडियम-पोटॅशियम भाऊ, म्हणून पालाशाऐवजी मीठ टाकलं तर चालेल, असं नाही. रांगेत खाली जावं तसा अणू मोठा होत जातो. पिकाची मुळं दोघांना वेगळं ओळखतात. मिठानं जमीन आणखी बिघडेल.

तेव्हा असं करा :

१. आधी माती आणि विहिरीचं पाणी तपासून घ्या. जिप्समची मात्रा अहवालावरूनच ठरवा. शेजाऱ्यानं किती टाकलं, त्यावरून नको.

२. चर काढून निचऱ्याची सोय करा.

३. जिप्सम सारखं पसरून वरच्या थरात मिसळा आणि भरपूर चांगलं पाणी द्या.

४. नंतर धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडा.

जमीन एका हंगामात बिघडली नाही, ती एका हंगामात सुधारणारही नाही. पण वाट बरोबर असली की पाऊल वाया जात नाही.