ग्लासातली बिअर नेमकी कुणाची?

ऑस्ट्रेलियाची बिअर म्हटले की आपल्याकडे आजही पहिले नाव निघते ते फॉस्टर्सचे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही बिअर थेट आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तयार होऊ लागली आणि 'ऑस्ट्रेलियन म्हणजे फॉस्टर्स' हे समीकरण मराठी मनातही पक्के बसले. प्रत्यक्षात मेलबर्न वा सिडनीतल्या एखाद्या पबमध्ये जाऊन फॉस्टर्स मागितली, तर ती मिळण्याची शक्यता फारच कमी. मग तिथला बिअरचा दर्दी माणूस आज पितो तरी काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की चवीच्या गोष्टीपासून सुरुवात होते आणि शेवट होतो तो मालकीच्या आणि कराच्या हिशेबापाशी.

थंडगार लागरचे राज्य

ऑस्ट्रेलियात गेलेल्या इंग्रज वसाहतकारांनी आपल्यासोबत 'एल' या प्रकारची बिअर नेली. पण तिथल्या उन्हाळ्यात ती टिकवणे अवघड होते. १८८८ साली अमेरिकेतून आलेल्या फॉस्टर बंधूंनी मेलबर्नमध्ये शीतकरणाची यंत्रे बसवून 'लागर' बिअरचा कारखाना काढला आणि देशाच्या आवडीने हळूहळू वळण घेतले. लागर आणि एल यांतला मुख्य फरक यीस्टचा, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीचा. लागरचे यीस्ट कमी तापमानात सावकाश काम करते. बिअर स्वच्छ, हलकी आणि चवीला सौम्य होते. एलचे यीस्ट थोड्या उबदार तापमानात झपाट्याने काम करते आणि त्या धांदलीत फळांसारखे गंध निर्माण करते.

लागरच्या राज्याला कायद्यानेही हातभार लावला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ पासून, दक्षिणेकडील अनेक राज्यांत पब संध्याकाळी सहा वाजता बंद करण्याचा नियम आला. पाचला काम सुटे आणि सहाला पबचे दार लागे. त्या एका तासात जमेल तितकी बिअर घशाखाली उतरवायची, ही रीतच पडली. न्यू साउथ वेल्समध्ये हा नियम १९५५ पर्यंत आणि व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत टिकला. अशा घाईत चव कोण पाहणार? बिअर थंड असली म्हणजे झाले. पुढे प्रत्येक राज्याचा एकेक ब्रँड ठरून गेला. व्हिक्टोरियात व्हिक्टोरिया बिटर, सिडनीकडे टूहीज, क्वीन्सलँडमध्ये फोर-एक्स, पर्थमध्ये स्वान. नावे वेगवेगळी असली तरी चव साधारण एकच.

याला एक ठळक अपवाद होता. ॲडलेडमध्ये थॉमस कूपर यांनी १८६२ मध्ये सुरू केलेल्या कूपर्स ब्रूअरीने एल कधी सोडली नाही. तिच्या बाटलीच्या तळाशी यीस्टचा साका असतो. जाणकार पिणारा बाटली उघडण्यापूर्वी ती आडवी धरून हलकेच फिरवतो, म्हणजे साका सगळीकडे मिसळतो आणि बिअर गढूळ होते. परक्या माणसाला हा दोष वाटेल. ॲडलेडकरांना तो अस्सलपणाचा पुरावा वाटतो.

फ्रीमँटलहून सुटलेला वारा

बदलाची सुरुवात झाली ती पश्चिम किनाऱ्यावर, पर्थजवळच्या फ्रीमँटल या बंदराच्या गावी. १९८०च्या दशकात फिल सेक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मटिल्डा बे ही छोटी ब्रूअरी उभारली. गव्हापासून केलेली तिची 'रेडबॅक' बिअर गाजली आणि चवीची बिअर विकली जाऊ शकते हे प्रथमच सिद्ध झाले. यथावकाश मोठ्या कंपनीने मटिल्डा बे विकत घेतली. सेक्स्टन अमेरिकेत जाऊन आले. तिथे पॅसिफिक किनाऱ्यावर छोट्या ब्रूअरींची चळवळ जोरात होती. २००० साली त्यांनी भागीदारांसह फ्रीमँटलच्याच धक्क्यावर, पूर्वी मगरी पाळल्या जात त्या जागेत, 'लिटल क्रिएचर्स' सुरू केली. तिची पेल एल अमेरिकी हॉप्सच्या लिंबूवर्गीय सुगंधाने घमघमत होती. ऑस्ट्रेलियातील आजच्या क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या प्रमाणावर, चवीला महत्त्व देऊन केलेल्या बिअरची, एक मोठी पिढी या पेल एलवर वाढली.

येथे हॉप्सविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. बिअर चार गोष्टींपासून बनते. पाणी, मोड आणून भाजलेला सातू म्हणजे माल्ट, यीस्ट आणि हॉप्स. हॉप्स ही एका वेलीची फुले. ती उकळत्या रसात लवकर टाकली तर कडवटपणा येतो, शेवटी किंवा थंड झाल्यावर टाकली तर सुगंध येतो. जुन्या ऑस्ट्रेलियन लागरमध्ये 'प्राइड ऑफ रिंगवूड' ही व्हिक्टोरियात विकसित झालेली कडवट जात वापरली जाई. सुगंधाशी तिला फारसे देणेघेणे नव्हते. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात एक नवा संकर झाला आणि २००९ मध्ये तो 'गॅलक्सी' या नावाने बाजारात आला. त्याला पीच आणि पॅशनफ्रूट, म्हणजे कृष्णकमळाच्या कुळातील फळाचा, स्पष्ट गंध आहे. टास्मानिया आणि व्हिक्टोरियाच्या डोंगराळ खोऱ्यांत पिकणारे हे हॉप्स आज अमेरिकेतले ब्रूअरही आवर्जून मागवतात.

गॅलक्सीचे सोने केले ते बायरन बे या समुद्रकाठच्या गावातील 'स्टोन अँड वूड'ने. २००८ साली तिघा मित्रांनी काढलेल्या या ब्रूअरीची 'पॅसिफिक एल' फिकट, किंचित गढूळ आणि फळांच्या वासाची. कडवटपणा इतका कमी की लागर पिणाऱ्यालाही ती परकी वाटू नये. या एका बिअरने ऑस्ट्रेलियाला स्वतःची म्हणावी अशी शैली दिली.

आज ग्लासात काय आहे?

ऑस्ट्रेलियात २००८ पासून दरवर्षी क्राफ्ट बिअरसाठी जनतेचे मतदान घेतले जाते आणि शंभर लोकप्रिय बिअरची यादी जानेवारीत जाहीर होते. या यादीवर नजर टाकली की आवडीचा प्रवास दिसतो. २०१७ च्या यादीत पहिली आली गोल्ड कोस्टच्या 'बाल्टर'ची एक्सपीए. मिक फॅनिंग आणि जोएल पार्किन्सन यांसारख्या नामवंत सर्फरपटूंचा सहभाग असलेल्या या ब्रूअरीने 'एक्स्ट्रा पेल एल' हा हलका, सुगंधी प्रकार घरोघरी पोहोचवला. २०२२ आणि २०२३ च्या याद्यांत अग्रस्थान मिळाले ते सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समधील 'माउंटन कल्चर'च्या 'स्टेटस को' या पेल एलला. ही 'हेझी', म्हणजे धुक्यासारखी गढूळ बिअर. तशा बिअरमध्ये ओट्स आणि गहू घालून अंगाला मऊपणा आणतात, गाळणी करत नाहीत आणि हॉप्सचा भर सुगंधावर ठेवतात. काटूम्बा गावात ही ब्रूअरी २०१९ मध्ये सुरू झाली, हे लक्षात घेतले म्हणजे तिची झेप ध्यानात येते.

याशिवाय प्रयोगांना तोटा नाही. सिडनीच्या मॅरिकव्हिल भागात जुन्या गोदामांत इतक्या ब्रूअरी शेजारी शेजारी आहेत, की शनिवारी दुपारी लोक पायीच एकीतून दुसरीत जातात. तिथली 'वाइल्डफ्लॉवर' ही २०१७ पासूनची ब्रूअरी स्थानिक रानफुलांवरून मिळवलेले यीस्ट वापरून लाकडी पिंपांत बिअर मुरवते. लेमन मर्टल, फिंगर लाइम अशा देशी वनस्पती घातलेल्या आंबट बिअरही मिळतात. दुसऱ्या टोकाला बिनमद्यार्काच्या बिअरची मागणी वाढली असून २०२० मध्ये आलेल्या 'हीप्स नॉर्मल'सारख्या नावांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली.

नव्याने तिथे गेलेल्याला गोंधळात टाकणारी एक बाब म्हणजे ग्लासाचे माप. सिडनीत 'स्कूनर' मागितला तर ४२५ मिलिलिटर येते. ॲडलेडमध्ये त्याच नावाने २८५ मिलिलिटर. तेवढ्याच मापाला मेलबर्नमध्ये 'पॉट' म्हणतात.

लेबलामागचा मालक

येथवरची कहाणी आनंदाची आहे. परंतु दर्दी पिणारा हल्ली डब्यावर आणखी एक गोष्ट शोधतो. ही बिअर कुणाची? ऑस्ट्रेलियन बिअरच्या व्यापारावर दोन बड्या कंपन्यांचे वर्चस्व आहे आणि दोन्हींचे मालक जपानी आहेत. लायन ही कंपनी २००९ पासून पूर्णपणे किरिनची. तर कार्लटन अँड युनायटेड ब्रूअरीज २०२० पासून असाहीची. छोटी ब्रूअरी नावारूपाला आली की या बड्यांपैकी कुणीतरी थैली घेऊन दारात उभे राहते. माउंटन गोट २०१५ मध्ये असाहीकडे गेली. लिटल क्रिएचर्स २०१२ मध्ये लायनने घेतली. फोर पाइन्स आणि पायरेट लाइफ २०१७ मध्ये, तर बाल्टर २०१९ मध्ये कार्लटनच्या पंखाखाली गेल्या. २०२१ मध्ये स्टोन अँड वूडही लायनला विकली गेली, तेव्हा अनेक चाहत्यांना घरातले कुणी दुरावल्यासारखे वाटले.

याला विरोधी उदाहरणही आहे. २००५ मध्ये लायनने कूपर्स गिळंकृत करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा भागधारकांनी मोठ्या बहुमताने तो हाणून पाडला. कूपर्स आजही कुटुंबाच्या हातात आहे.

मालक बदलला म्हणजे बिअर लगेच बिघडते असे नाही. उलट ती देशभर, ताज्या स्वरूपात पोहोचू लागते. अडचण वेगळी आहे. पबमधील नळ मोजके असतात आणि त्यांपैकी बरेच बड्या कंपन्यांच्या करारांनी बांधलेले असतात. त्या नळांवर 'क्राफ्ट' म्हणून त्याच कंपनीची दुसरी बिअर लागली, की खऱ्या छोट्या ब्रूअरीला जागा उरत नाही. आणि ग्राहकाला मात्र निवडीचा भास होत राहतो. २०१४ मध्ये तर स्पर्धा व ग्राहक आयोगाने कार्लटनला 'बायरन बे पेल लागर' या बिअरबद्दल दंड भरायला लावला. लेबलावर बायरन बेचे नाव आणि चित्र होते. बिअर तयार होत होती तिथून सुमारे ६३० किलोमीटर दूरच्या मोठ्या कारखान्यात. या पार्श्वभूमीवर स्वतंत्र ब्रूअरींच्या संघटनेने २०१८ मध्ये एक शिक्का सुरू केला. तो डब्यावर असेल, तर ब्रूअरी बड्या कंपनीची नाही याची खात्री.

कराचा फेरा

स्वतंत्र राहण्याची किंमत मात्र मोठी आहे. ऑस्ट्रेलियात बिअरवरील उत्पादन शुल्क तिच्यातील शुद्ध मद्यार्काच्या प्रमाणावर आकारले जाते आणि महागाईनुसार ते वर्षातून दोनदा, फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये, बदलते. मोठ्या पिंपातील बिअरला बाटली-डब्यातील बिअरपेक्षा कमी दर लागतो. यात एक मेख होती. ही सवलत ४८ लिटरपेक्षा मोठ्या पिंपांनाच मिळे. छोट्या ब्रूअरी ३० लिटरची पिंपे वापरत, कारण छोट्या बारमध्ये मोठे पिंप संपेपर्यंत बिअर शिळी होते. म्हणजे लहानाने जास्त कर भरायचा, असा उलटा न्याय! जुलै २०१९ पासून ही सवलत ८ लिटरच्या पिंपापर्यंत आणण्यात आली. जुलै २०२१ पासून प्रत्येक ब्रूअरीला वर्षाला साडेतीन लाख डॉलरपर्यंतचे शुल्क माफ झाले. यामुळे अगदी लहानांना श्वास घेता आला.

पण कोविडच्या काळात थकलेले कर, पाठोपाठ वाढलेले माल्ट, ॲल्युमिनियमचे डबे आणि विजेचे दर आणि हात आखडता घेणारे ग्राहक यांनी पुन्हा कोंडी केली. २०२३ आणि २०२४ मध्ये एकामागून एक नामवंत स्वतंत्र ब्रूअरी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या. काही सावरल्या, काही कायमच्या बंद पडल्या. सरकारने ऑगस्ट २०२५ पासून दोन वर्षांसाठी नळाच्या बिअरवरील शुल्कवाढ गोठवली. मात्र डब्यांतून विकणाऱ्यांना या निर्णयाचा लाभ नाही.

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले मराठी तरुण आता तिथल्या गावोगावी आहेत. त्यांच्याकडे कधी पाहुणे म्हणून जाणे झाले आणि यजमानांनी एखादा रंगीबेरंगी डबा पुढे केला, तर तो उघडण्यापूर्वी क्षणभर उलटून पाहावा. ती कुठे तयार झाली, कुणी केली आणि तिच्यात किती 'स्टँडर्ड ड्रिंक' आहेत, ही माहिती तिथे सापडते. स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क. आठवड्याला दहापेक्षा आणि एका दिवसात चारपेक्षा जास्त नको, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा २०२० पासूनचा सल्ला आहे. एका तासात ग्लासांमागून ग्लास रिचवणाऱ्या आजोबांच्या देशात नातवंडे आज कमी पितात, निवडून पितात आणि पिण्यापूर्वी लेबल वाचतात. छोट्या ब्रूअरींचे भवितव्य सरकारी सवलतींइतकेच या सवयीवरही अवलंबून आहे.