सगळं सांगून होईपर्यंत

पहाटे 5.30
चहाचं आधण ठेवते आणि मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडते. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, येशू लगबगीनं त्याच्या घराकडे निघालाय. तेवढ्यात 12 वर्षं रक्तस्रावानं गांजलेली एक बाई गर्दीतून त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. गोष्ट तिथंच संपली असती. पण येशू थांबतो, तिला शोधतो, आणि ती थरथरत सगळी हकिकत सांगते. शेजारी याईराचा जीव खालीवर होत असेल, तरी तिचं बोलणं कुणी तोडत नाही. मिरजेच्या एका मिशन दवाखान्यात मी रुग्णांना भेटण्याचं काम करते. माझं सगळं काम त्या एका थांबण्यावर उभं आहे.

7.45
चॅपेलात उपासना. रात्रपाळीच्या नर्सेस डोळे चोळत येतात. ‘उपासना संगीता’तलं नारायण वामन टिळकांचं एखादं गीत होतं, छोटी प्रार्थना होते आणि दिवसपाळीच्या कामाला लागतात. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी या गावात रुग्णालय उघडलं, तेव्हापासून मिरजेला लांबलांबून माणसं येतात. दुखणं घेऊन येतात, त्याबरोबर बरंच काही घेऊन येतात.

8.30
ऑपरेशनला जाणारे तिघं. अथणीकडचे एक आजोबा घाबरलेत. माझं कन्नड तोडकं, त्यांचं मराठी तोडकं. उशाशी विठ्ठलाची तसबीर आहे. ‘आजोबा, देवाचं नाव घ्या, मी इथंच उभी आहे,’ म्हणते. ट्रॉली येईपर्यंत ते विठ्ठल विठ्ठल म्हणतात आणि मी त्यांचा हात धरून ठेवते. भेदरलेल्या माणसाला धर्म सांगायला मी इथं येत नाही.

10.30
बायकांचा वॉर्ड. बीडकडची ऊसतोड कामगार, वय बत्तीस. ताप आणि पोटदुखी म्हणून फडातून थेट इथं आणलेली. मी स्टूल ओढून खाटेपेक्षा खाली बसते. पाचटानं तिची बोटं चिरलीत, चिरांत काळ्या रेघा बसल्यात. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.

‘काय नाई ताई, बरं हाय.’

मग म्हशीचं बोलणं होतं, आजीपाशी ठेवलेल्या पोरांचं होतं. वीस मिनिटं जातात. मी उठते, दोन पावलं जाते, आणि मागून हळूच येतं, ‘ताई, माझी पिशवी काढलीय. चोवीस वर्षांची होते.’

मी परत बसते. पहाटे तीनला उठून फडात जाणं, अंगावरून जात असतानाही डोक्यावर मोळी वाहणं, एक दिवस बसलं की मुकादमाचा खाडा, म्हणजे दंड. नवरा-बायको मिळून एक कोयता; एक आजारी पडलं की तो अर्धा होतो. कुठल्याशा दवाखान्यात सांगितलं, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. पैशासाठी नवऱ्यानं आणखी उचल घेतली. ‘मला कुनी इचारलंच नाई, ताई.’

2019 मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ते आकडे मी तेव्हाच वाचले होते. न विचारलं गेल्याचं दुःख मात्र आज माझ्यासमोर बसलंय.

मधेच पलीकडच्या वॉर्डातून बोलावणं येतं. माझ्या सोबतिणीला तिकडे जायला सांगते. इथून आत्ता उठणार नाही.

दुपारी 1.00
डबा उघडते, घास उतरत नाही. कामाच्या पहिल्या वर्षीची एक आई आठवते. तिचा मुलगा विहिरीत गेला होता. मी दोन मिनिटांत ‘देवाची इच्छा’ म्हणाले आणि प्रार्थना सुरू केली. तिनं मुकाट्यानं डोळे मिटले. नंतर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. ईयोबाचे मित्र 7 दिवस 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे सोबती होते. उत्तरं द्यायला लागले आणि त्याच्या जखमेवर मीठ पडलं. त्या आईची मी आजही मनोमन क्षमा मागते.

3.00
पुन्हा त्या ऊसतोड बाईकडे. ‘डॉक्टरांना सांगू का हे सगळं?’ ती क्षणभर विचार करते, मान हलवते. निदान हे तरी तिला विचारलं गेलं. डॉक्टर स्वतः येऊन बसतात, जुने कागद मागवायला सांगतात, कंबरदुखीचंही विचारतात. सुट्टीच्या कागदावर विश्रांतीचे दिवस स्पष्ट लिहायचं ठरतं, म्हणजे नवऱ्याला मुकादमाला दाखवता येईल. ऐकून झाल्यावर हातांनी करायचं पुष्कळ असतं. पण काय करायचं, ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

5.30
मंडळीतल्या दोन नव्या मुली शिकायला आल्यात. त्यांना तीनच गोष्टी सांगते. बसल्याशिवाय बोलू नका. त्यांच्या दुःखात आपली कहाणी घुसवू नका. ऐकलेलं त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर नेऊ नका, प्रार्थनासभेतसुद्धा नाही. डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकानं 1939 च्या पुस्तकात ऐकण्याला सेवा म्हटलंय. एक मुलगी विचारते, ‘मग वचन कधी सांगायचं?’ मी म्हणते, ‘त्यांनी मागितलं तर. तोवर आपलं बसणं हीच साक्ष.’

रात्री 9.30
वहीत नावं लिहीत नाही, फक्त खाटेचा क्रमांक. मग गुडघे टेकते. पूर्वी मी देवाला दुःखाचा सारांश सांगायचे. आता जसं ऐकलं तसंच सांगते, त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. मोळी, उचल, अर्धा कोयता. ‘खाडा’ हा शब्द माझ्या प्रार्थनेत आज पहिल्यांदाच आला.