कादंबरी ‘कळली नाही’ म्हणजे नक्की काय होतं?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार.

आजचा प्रश्न साधा आहे. एकच कादंबरी. एकाला ती जवळपास पाठ, दुसऱ्याने तिसाव्या पानावर मिटून ठेवली. दोघंही हुशार, दोघंही मराठी माध्यमातून शिकलेले. मग असं का होतं?

आमच्या बी.टेक.च्या हॉस्टेलवर ‘कोसला’ची एकच प्रत फिरायची, कव्हर निघालेली. अर्धी मुलं ती वाचून येता-जाता ‘वगैरे वगैरे’ म्हणायची. माझा विट्याचा रूममेट मात्र विचारायचा, “अरे पण यात घडतं काय?” बाकीचे हसायचे. आणि त्याने ठरवून टाकलं की ‘साहित्य बिहित्य आपलं काम नाही.’ घरात पुस्तक विकत आणणारा तो पहिलाच मुलगा होता. असा वाचक गेला की पुन्हा सहसा येत नाही. म्हणून हा विषय मला नुसता चर्चेपुरता वाटत नाही.

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे याकडे असं बघतो. नेहमीची कादंबरी आपल्याला काही गोष्टी न मागता देते. कोण बोलतंय ते कळतं, आधी काय आणि नंतर काय ते कळतं, आणि ‘पुढे काय होणार’ ही ओढ असते. वेगळ्या शैलीची कादंबरी यातली एखादी गोष्ट काढून घेते आणि बदल्यात दुसरं काहीतरी देते. जे काढून घेतलं, त्याचसाठी तुम्ही पुस्तक उघडलं असेल तर ते जड जाणारच. यात बुद्धीचा संबंध फार थोडा.

उदाहरणं लांब शोधायला नकोत. आपल्या सातारा-सांगलीतच सगळे नमुने आहेत. तसेही हे दोन जिल्हे सख्खे भाऊच. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं.

पहिला नमुना वि. स. खांडेकरांचा. त्यांचा जन्म सांगलीचा, १८९८चा. ‘ययाति’ आली १९५९ मध्ये. यात गोष्ट सांगणारा एक नाही. कधी ययाती बोलतो, कधी देवयानी, कधी शर्मिष्ठा. म्हणजे ‘खरं कोणाचं?’ याचं आयतं उत्तर काढून घेतलं. बदल्यात काय मिळालं? देवयानीवर चिडलेला वाचक तिचं म्हणणं ऐकून जरा थांबतो. कथा ओळखीची आणि ओढ शाबूत, त्यामुळे हा बदल बहुतेकांना सहज पचला. पुढे १९७४चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलं.

दुसरा नमुना व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ची. माडगूळकर आटपाडीकडच्या माडगूळचे. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, तालीम बांधायचं घेतो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी अशी माणसं भेटत जातात. बांधीव कथानक असं नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटू शकतं, ‘छान आहे, पण गोष्ट कुठंय?’ माण-खटाव-आटपाडीच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. पाऊस येणार की नाही, ही त्याच्या घरातली वर्षानुवर्षांची ओढ आहे. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, तेव्हा त्याला कथानक समजावून सांगावं लागत नाही. पुस्तक तेच, पण वाचणारा सोबत काय घेऊन आलाय ते वेगळं.

तिसरा नमुना सगळ्यात अवघड. बा. सी. मर्ढेकर, मूळ गाव सातारा तालुक्यातलं मर्ढे. कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९४२ मध्ये त्यांची ‘रात्रीचा दिवस’ आली, संज्ञाप्रवाहाचं तंत्र वापरणारी. हा शब्द ऐकून घाबरू नका. सातारा-सांगली एस.टी.त खिडकीशी बसा. कराड येईपर्यंत डोक्यात काय काय येतं? कंडक्टरकडचे सुट्टे, उद्याचा इंटरव्ह्यू, आईचा गुडघा, शाळेतलं एखादं भांडण, परत सुट्टे. हे सगळं नीट क्रमाने न लावता, जसं येतं तसं कागदावर उतरवणं म्हणजे संज्ञाप्रवाह. जेम्स जॉइसने ‘युलिसिस’मध्ये ते १९२२ साली केलं होतं. इथे क्रमच काढून घेतलाय. दुवे आपण जोडायचे. कोणाला त्यात मजा येते, कोणाला थकवा.

आता परत ‘कोसला’. १९६३ साली आली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. खानदेशातल्या गावाहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर काही न जिंकता परत जातो. इथे ‘नायक काहीतरी मिळवेल’ ही अपेक्षा काढून घेतली, आणि पुस्तकी भाषेचा रुबाबही. बदल्यात आपल्याच वयाच्या पोराचा खरा आवाज मिळाला. माझ्या रूममेटला घटना हव्या होत्या, बाकीच्यांना तो आवाज. दोघांचं मागणं रास्तच होतं.

सवयीचाही भाग आहे. शाळेत आपल्याला सारांश लिहायला शिकवतात, त्यामुळे सारांश निघत नाही ते पुस्तक ‘कळलं नाही’ असं वाटतं. पण तीन माणसं एकच घटना तीन प्रकारे सांगतात असा सिनेमा आपण चहा पीत बघतो, कारण तिथे डोळे सरावलेत.

आणि एक स्पष्ट बोलू? प्रत्येक अवघड पुस्तक थोर नसतं. काहीजण वाचकाकडून सगळं काढून घेतात आणि बदल्यात काहीच देत नाहीत. ते सोडून द्यायचा हक्क तुम्हाला आहे.

पण सोडण्याआधी दोन गोष्टी करून बघा. एक, स्वतःला विचारा, ‘याने माझ्याकडून काय काढून घेतलं, आणि काय देतोय?’ दोन, चार पानं मोठ्याने वाचा. विरामचिन्हांनी न उलगडलेलं वाक्य कित्येकदा आवाजाने उलगडतं. विकत घ्यायचं नसेल तर महाबळेश्वरला जाताना भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरात बसून फुकट वाचता येतं.

आणि मित्र ‘यात घडतं काय?’ असं विचारेल तेव्हा हसू नका. त्याला उत्तर द्या, त्या प्रश्नापासूनच वाचणं सुरू होतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.