शेपूट धावपट्टीला का घासते?

१४ एप्रिल २०२३ रोजी मुंबईहून आलेले इंडिगोचे एअरबस ए३२१ नागपूरला उतरताना त्याची शेपूट धावपट्टीला घासली. १६ ऑगस्ट २०२५ला मुंबईत, खराब हवामानात, बँकॉकहून आलेल्या त्याच कंपनीच्या ए३२१चेही तेच झाले. दोन्ही विमाने सुखरूप उतरली.

दोन्ही वेळा ए३२१च, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ए३२० साडेसदतीस मीटर लांब, ए३२१ साडेचव्वेचाळीस. लांबी सात मीटरने वाढली, चाकांचे पाय मात्र जवळपास तेवढेच उंच. चाकांवर पूर्ण भार असताना ए३२०चे नाक सुमारे ११.७ अंश वर गेले की शेपूट टेकते, ए३२१ची ९.७ अंशांनाच. एरवी चाके टेकताना नाक साधारण पाचेक अंश वर असते. म्हणजे हाताशी उरतात चार-पाच अंश.

ते कसे संपतात? जमीन तीसेक फुटांवर आली की वैमानिक नाक किंचित उचलतो आणि इंजिनांचा जोर काढून घेतो. याला फ्लेअर म्हणतात. पुढच्या काही सेकंदांत चाके टेकायला हवीत. पण अलगद टेकवण्याच्या ओढीने त्याने विमान तसेच धरून ठेवले, तर ते धावपट्टीवर तरंगत राहते. वेग घटतो. घटत्या वेगात तेवढीच उचल मिळवायला नाक आणखी वर घ्यावे लागते, आणि नाक वर गेले की शेपूट खाली येते. विमानाची उसळी याहून फसवी. चाके आपटून विमान पुन्हा हवेत जाते आणि वैमानिकाचा हात आपसूक मागे ओढला जातो. नेमके तेव्हाच पंखांवरचे स्पॉयलर उघडलेले असतात. ते उचल मारून टाकतात आणि नाकही वर ढकलतात. विमान मग शेपटीच्या बाजूने खाली बसते.

मुंबईत विमान जमिनीलगत आल्यावर उतरणे सोडून पुन्हा वर जात होते. अशा वेळी वेग कमी असतो आणि पंखांखालची इंजिने पूर्ण जोर धरताच नाक वर लोटतात. म्हणून शिकवतात ते असे: आधी जोर, मग सावकाश नाक, त्यात चाके पुन्हा टेकली तरी टेकू द्यावीत. शेजारचा वैमानिक कोनावर नजर ठेवतो आणि ए३२१मध्ये साडेसात अंश ओलांडले की 'पिच' असे पुकारतो.

अलगद उतरलेल्या विमानाचे आपण प्रवासी कौतुक करतो. माझ्या मते ठरल्या जागी, ठरल्या वेगाने, थोडे दणकून टेकलेले विमान अधिक चांगले उतरलेले असते. ओल्या धावपट्टीवर तर चाकांनी पाणी कापायला तो दणका हवाच.

२०२३च्या जुलैमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) इंडिगोला ३० लाख रुपयांचा दंड केला. सहा महिन्यांत ए३२१च्या चार शेपट्या घासल्या होत्या, आणि तपासणीत प्रशिक्षण व अभियांत्रिकीच्या कार्यपद्धतींच्या कागदपत्रांत त्रुटी सापडल्या होत्या.

अभियांत्रिकीचा इथे काय संबंध? १९७८मध्ये ओसाकाच्या इतामी विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ची शेपूट उतरताना आपटली. प्रवासी कक्षातला हवेचा दाब मागच्या बाजूने अडवणाऱ्या भिंतीची दुरुस्ती झाली, पण जोडपट्टी अखंड बसवण्याऐवजी दोन तुकड्यांत बसली. रिव्हेटच्या दोन रांगांचा भार एकाच रांगेवर आला. प्रत्येक उड्डाणात दाब चढत-उतरत राहिला, तडे वाढत गेले, आणि १२ ऑगस्ट १९८५ला ती भिंत फुटली. ५२० माणसे गेली. शेपूट घासलेले विमान म्हणूनच लगेच जमिनीवर रोखतात आणि पत्र्यावरचा ओरखडा बुजवण्याआधी आतल्या चौकटी आणि ती भिंत तपासतात.