शिरोरेषेला पडणारी खाच

ब्राउझरमध्ये गरगर फिरणारं, जाडजूड, गुळगुळीत कडांचं अक्षर दिसलं की त्यामागे बऱ्याचदा थ्री.जेएस असते. रिकार्डो काबेल्यो यांनी २०१० मध्ये ही जावास्क्रिप्ट लायब्ररी खुली केली. पुढच्याच वर्षी वेबजीएलची पहिली आवृत्ती आली आणि वेगळं काही इन्स्टॉल न करता वेबपानावरच त्रिमिती चित्रं हलू लागली. इतिहास एवढा पुरे. खरी गंमत या लायब्ररीतल्या ‘एक्स्ट्रूडजॉमेट्री’ या यंत्रात आहे.

काम सोऱ्याचंच. सपाट आकृती द्यायची, ती हवी तेवढी लांब बाहेर येते. मात्र टोकं कापल्यासारखी राहतात आणि धारदार कडेवर प्रकाश खेळत नाही. म्हणून टोकाला बेव्हल, म्हणजे गोलाई. ती पायऱ्यापायऱ्यांनी येते: प्रत्येक पायरीची खोली कोसाइन ठरवतो, पसरण साइन. एकूण खोली आणि पसरण सारखी ठेवली तर पाव वर्तुळ, नाहीतर पाव लंबवर्तुळ. काही न सांगितल्यास यंत्र तीनच पायऱ्या घेतं. जवळून पाहिलं की पैलू दिसतात. पायऱ्या वाढवल्या की त्रिकोण वाढतात आणि स्वस्तातला फोन धापा टाकतो.

सगळ्यात देखणा भाग कोपऱ्याचा. कोपऱ्यातला बिंदू किती सरकवायचा? दोन्ही बाजू एकेक एकक बाहेर ढकलायच्या आणि त्या जिथे छेदतील तिथे नवा बिंदू. काटकोनात तो १.४१ एकक सरकतो. ३० अंशांच्या अणकुचीदार टोकाला हाच हिशेब ३.८६ वर जातो आणि अक्षराला शिंग फुटतं. त्यामुळे कोडमध्ये मर्यादा घातली आहे: काहीही झालं तरी दोनच्या वर्गमुळापलीकडे जायचं नाही. वेडेवाकडे सुळे रोखण्यासाठी, अशी टीपही शेजारी आहे. भूमितीच्या शुद्धतेला मुरड घालून डोळ्यांचं ऐकणारी ही ओळ दाद देण्यासारखी आहे.

वळणदार वाटेवरून आकृती ओढायची म्हटलं, तर मात्र यंत्र बेव्हल सरळ बंद करून टाकतं. नळीचं टोक गोल हवं असेल, तर अर्धगोल आपणच नेऊन चिकटवायचा.

रोमन अक्षरांचं एकूण बरं चालतं. पनवेल परिसराच्या त्रिमिती नकाशावर देवनागरी नावं उभी करायला घ्या, मग कस लागतो. ‘पनवेल’ची चारही अक्षरं सुटी घडतात. नेहमीच्या मांडणीत बेव्हल अक्षराला बाहेरच्या बाजूने फुगवतो. ‘व’चं पोट बुजत जातं. रेघेची जाडी मूळचीच राहावी म्हणून ऑफसेट, म्हणजे बेव्हल बाह्यरेषेपासून किती अंतरावर सुरू होतो ते माप, उणे केला, तर समोरचा पृष्ठभाग आत सरकतो आणि दर दोन अक्षरांमध्ये शिरोरेषेला खाच पडते.

पुढचं दुखणं मोठं. लायब्ररीसोबत येणारं अक्षरयंत्र एकामागून एक चिन्ह ठेवत जातं, जोडाक्षरांचे नियम त्याला ठाऊक नाहीत. ‘कर्नाळा’मध्ये रफार ‘ना’वर चढत नाही, पाय मोडका ‘र’ तसाच उभा राहतो. उरणचं ‘चिरनेर’ तर ‘चरिनेर’ वाचलं जातं, कारण वेलांटी ‘च’च्या डावीकडे न येता उजवीकडे येते.

यावर तोड आहे. हार्फबझसारख्या इंजिनाकडून आधी अक्षरजुळणी करून घ्यायची, सगळ्या बाह्यरेषांचा एकच आकार करायचा आणि मग बेव्हल द्यायचा. शिरोरेषा अखंड राहते. पण उणे ऑफसेट रेघेच्या निम्म्या जाडीपेक्षा मोठा झाला, की समोरासमोरच्या कडा एकमेकींना ओलांडतात आणि पृष्ठभाग उलटा होतो. ‘कर्नाळा’त ही वेळ सगळ्यात आधी रफाराच्या निमुळत्या टोकावर येते, आणि अख्ख्या नावाची गोलाई त्या टोकाच्या मापाने कमी करावी लागते.